गाडी तिकडं, ब्रेक हिकडं

बेडशाच्या लीलाबाई ओव्हाळांच्या घरी दाराशेजारी एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला सहा वर्षं एक काळी पिशवी लटकत होती. घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायची लीलाबाईंना मुभा होती. ती त्यांनी कुणाकडं मागितलेलीही नव्हती. या पिशवीचं मात्र वेगळं. आठवड्यातून एकदा वरून फडका मारायचा, बस. आत डोकवायचं नाही आणि धुवायचं तर नावच काढायचं नाही.

पिशवी त्यांच्या नवऱ्याची, महिपती ओव्हाळांची. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेचं इंजिन चालवलं, त्यातली निम्म्याहून जास्त लोणावळ्याच्या घाटात. ट्रिप संपली की घरी येऊन पिशवी रिकामी करायची आणि पुढच्या ट्रिपला नव्यानं भरायची, हा त्यांचा नेम. ही पिशवी रिकामी झाली नव्हती, कारण महिपतींच्या लेखी ट्रिप संपलीच नव्हती.

त्याचं असं झालं. महिपती रिटायर होणार होते ३१ मे २०२० ला. ड्रायव्हरची शेवटची ट्रिप म्हणजे लग्नाच्या वरातीहून कमी नसते. इंजिनाला झेंडूच्या माळा घालतात, फलाटावर सगळं घरदार उभं असतं, सोबतचे लोक पेढे वाटतात. शिवाय त्यांच्या क्वार्टरांमध्ये एक रीत पडली होती. गाडी फलाटाला लागली की बायकोनं हार घालायचा आणि नवऱ्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घ्यायची, म्हणजे माणूस सुटला. त्याच वर्षी जानेवारीत गार्ड बाजीराव असे सुटले होते. हलगी, फटाके, सगळं यथासांग. बाजीरावांच्या येसूबाईंनी पिशवी घेतानाचा फोटो मोठा करून सुदुंबऱ्याच्या घरात टीव्हीच्या वर लावला होता. लीलाबाईंनी तो पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तळेगावात जाऊन मोरपंखी साडी घेतली. मे महिन्यात नेसायला.

पण मे यायच्या आधीच सगळ्या देशाचं दार लागलं. मेच्या सोळा तारखेला महिपती एक मालगाडी पोचवून आले, पिशवी खिळ्याला अडकवली आणि सतराला सकाळी शेजारच्या क्वार्टरात करोना निघाला. बिल्डिंगला बांबू लागले. बाहेरून आलेल्या वस्तूला चौदा दिवस शिवायचं नाही, असा तेव्हाचा दंडक. चौदा दिवस भरले तेव्हा कॅलेंडरात एकतीस तारीख होती. साहेबांनी फोनवरून अभिनंदन केलं. शेवटची ट्रिप होऊन गेली होती आणि ती शेवटची आहे हे कुणालाच, अगदी महिपतींनाही, माहीत नव्हतं. मोरपंखी साडी घडीसकट कपाटात गेली. बेडशाला राहायला येताना महिपतींनी पिशवी मांडीवर धरून आणली आणि घरात सगळ्यात आधी खिळा ठोकला.

लीलाबाईंनी साडीचं दुःख कुणाला सांगितलं नाही. त्या सामान बांधताना न सापडलेल्या एका झाकणाबद्दल मात्र गावभर बोलत. स्टीलच्या मोठ्या डब्याचं झाकण, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं. जानेवारीत बाजीरावांच्या समारंभाला त्या डब्यातून गूळपापडी नेली होती, म्हणजे झाकण कुठं राहिलं असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. येसूबाईंना त्यांनी तोंडावर कधी विचारलं नाही. सुदुंबऱ्याला गेल्या की फक्त त्यांच्या मांडणीकडं जरा जास्त वेळ बघायच्या.

रिटायर झालेले महिपती पहिली चार वर्षं ओट्यावर बसून कामशेतच्या जीपगाड्यांच्या वेळा लिहीत होते. जीप उशिरा आली की ड्रायव्हरला कारण विचारीत. जीपवाले दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले तेव्हा लीलाबाईंनी मुलीला फोन केला. सारिका तळेगावला राहते, तिथंच एका कंपनीत क्वालिटीला आहे. ती मोठा टीव्ही, दोन्ही हातांत धरायचा एक कंट्रोलर आणि खिडकीत ठेवायची नेटची डबी घेऊन आली.

“आबा, हा आगगाडी चालवायचा गेम. आपल्या घरात गेमचं मशीन नाही. गेम चालतो लांब कुठंतरी, मोठ्या कॉम्प्युटरवर. आपल्याकडं नेटवरून नुसतं चित्र येतं. तुम्ही बटण दाबलं की ते तिकडं जातं, तिकडं गाडी हलते आणि हललेल्या गाडीचं चित्र परत इकडं येतं.”

“म्हंजी गाडी तिकडं, ब्रेक हिकडं,” लीलाबाई म्हणाल्या. “हे कुनी शान्यानं काडलं?”

सारिकानं स्वतः एक फेरी करून दाखवली. स्टेशन आलं, तिनं ब्रेक दाबला, गाडीनं तो दोन सेकंदांनी ऐकला आणि तोवर फलाट मागं पडला. दुसऱ्या फेरीला गाडी शेवटच्या भिंतीवर आदळली. “लॅग आहे आबा. बेडशात हे जमायचं नाही,” तिनं कंट्रोलर खाली ठेवला.

महिपतींनी तो उचलला आणि पहिल्याच फेरीत गाडी फलाटाला अशी लावली, की उतरणाऱ्याचा पायही अडखळला नसता. “अट्ठावन डब्यांच्या मालगाडीला ब्रेक लावला की लगीच लागतो व्हय? हवा शेवटच्या डब्यापत्तुर जायला येळ लागतो. आपुन आदी लावायचा आनि मग गप बसायचं. घाबरून दुसऱ्यांदा लावला की बिघाडलं.”

चपळ बोटांच्या पोरांना जे जमत नव्हतं, ते या माणसाच्या हाडात मुरलेलं होतं. पण मार्कांच्या बाबतीत मात्र आनंद होता. गेममधला डोंगर परदेशातला, बर्फाचा. महिपतींच्या दृष्टीनं तो आपला घाटच होता. स्टेशनांना त्यांनी मंकी हिल, ठाकूरवाडी अशी नावं ठेवली. शेवटच्या स्टेशनचं नाव लोणावळा. ते घाटाच्या पायथ्याशी होतं, पण परदेशात लोणावळा खाली असेल तर त्याला आपण काय करणार. खऱ्या घाटात उतारावर ठरलेल्या दोन जागी गाडी पूर्ण थांबवून ब्रेक धरतो का ते बघावं लागतं, तेव्हाच पुढचा रूळ मिळतो. गेममध्ये असं काही नव्हतं. महिपती तरीही थांबत. गेम त्यांना उशिराबद्दल दंड करी. दोन वर्षांत चारशे बारा फेऱ्या झाल्या आणि पाचांतले दोन तारे यापलीकडं त्यांची मजल गेली नाही.

सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात उचलून मोठ्यानं रंग सांगायचा आणि असिस्टंटनं तो परत म्हणायचा, हा रेल्वेचा नियम. असिस्टंट म्हणून लीलाबाईंची नेमणूक झाली, विचारल्यावाचून. हॉलमधून “हिरवा!” आला की चुलीपुढून “हिरवा!” जायला हवा. स्वयंपाकघरातून त्यांना नवऱ्याची नुसती पाठ दिसे, टीव्ही तर दिसतच नसे. एकदा त्यांनी “लाल”ला “हिरवा” म्हणून उत्तर दिलं आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

“असिस्टंटनं बघून बोलायचं असतंय.”

“मग मी भाकरी बघू का सिग्नल बघू?”

सोमवार ते शुक्रवार असं सुखात चाले. शनिवारी दुपारपासून पवनेच्या काठच्या तंबूंमध्ये पुण्या-मुंबईची मंडळी उतरत आणि हजारभर फोन एकाच टॉवरवर तुटून पडत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. टीव्हीवरच्या आगगाडीची गोधडी व्हायची, नुसती चौकोनी ठिगळं. कधी गाडी डोंगरात असायची आणि आवाज स्टेशनातला. कधी पाटीच यायची, ‘सध्या गर्दी आहे, तुमचा क्रमांक सत्तेचाळीस’. सारिका चिडायची. महिपती हाताची घडी घालून बसत. “आउटर सिग्नलला उबी हाय,” एवढंच म्हणत.

यंदाच्या मेच्या पहिल्या आठवड्यात टीव्हीवर वेगळी पाटी आली. हा गेम ३१ मे रोजी दुपारी बारा वाजता काढून टाकण्यात येईल.

“काडून टाकनार म्हंजी?” लीलाबाईंनी विचारलं. “आपन दर म्हैन्याला पैसं भरतो की.”

“ते बघण्याचे, आई. वस्तू त्यांची. त्यांचा आणि गेम बनवणाऱ्यांचा करार संपला, की संपलं.”

“आनि ह्यांच्या चारशे बारा ट्रिपा?”

“त्याही तिकडंच आहेत. तिकडंच जाणार.”

लीलाबाईंना वाईट वाटलं आणि संतापही आला. घरातली वस्तू म्हणजे हाताला लागायला हवी, लपवता यायला हवी, कुणी न्यायला आलं तर धरून ठेवता यायला हवी. ही कसली वस्तू. सारिकानं मशीन विकत आणायचं काढलं, पण महिपतींनी हात हलवला. “क्वार्टरासारखंच हाय हे. बावीस वर्सं ऱ्हायलो, लिंबू लावला, लिंबाला फळं आली, मग चावी देऊन आलो. सोडायचं तर तारखेला सोडायचं.” मग ते कॅलेंडराकडं बघत राहिले. पंधरा मिनिटांनी त्यांनी दाराशेजारच्या पिशवीकडं पाहिलं. लीलाबाईंनी त्यांना पिशवीकडं बघताना पाहिलं.

“एकतीस तारीख हाय,” त्या म्हणाल्या. “करा की मग शेवटची ट्रिप. मी हार आनते.”

महिपती हसले नाहीत. ही थट्टा असेल तर असू दे, आपल्याला चालेल, असा त्यांचा चेहरा होता. “सारिकेला सांग,” ते म्हणाले.

एकतीस तारीख आली रविवारी, म्हणजे तंबू भरलेले. म्हणून ठरलं की पहाटे सहाला गाडी सोडायची. रात्री दोनपर्यंत गाणी म्हणणारी माणसं सहाला मेल्यासारखी झोपलेली असतात. सारिका शनिवारीच आली. लीलाबाईंनी गूळपापडी केली, डबा भरला आणि झाकण नसल्यामुळं वर फडकं बांधलं, बांधताना येसूबाईंचं नाव घेतलं. साडेपाचला त्या मोरपंखी साडी नेसून, हातात हार घेऊन उभ्या राहिल्या. पाच चाळीसला लाइट गेली.

सात झाले, आठ झाले. कुठंतरी तार तुटली होती, माणूस येणार होता. साडेनऊला तंबूंमधली मंडळी उठून सकाळचे फोटो पाठवू लागली होती, म्हणजे लाइट येऊनही उपयोग नव्हता. महिपती बंद टीव्हीपुढं पांढरा शर्ट घालून बसून होते, मांडीवर पिशवी. सहा वर्षांपूर्वी ३१ मेला ते असेच बसले होते, हे लीलाबाईंना आठवलं. तेव्हा सरकार, रोग, बांबू, सगळंच आडवं होतं. आज नुसती एक तार. एका तारेसाठी परत साडी घडी करून ठेवायला त्या तयार नव्हत्या.

“बाजीराव भाऊजींकडं नेट कसं हाय?”

“फायबर आहे,” सारिका म्हणाली. “शिवाय सुदुंबऱ्यात टुरिस्ट कोण येणार?”

“मग काड गाडी.”

महिपती म्हणाले, “डायवरनं गार्डाच्या घरी जाऊन गाडी चालवायची?” पण म्हणता म्हणता ते चपला घालत होते.

कामशेतला हमरस्ता लागला. पलीकडच्या बाजूनं अख्खं पुणं लोणावळ्याकडं निघालं होतं, गाडीला गाडी चिकटून. अलीकडची बाजू मोकळी. ओव्हाळ कुटुंब तेवढं उलट दिशेनं चाललं होतं, एक हार, एक डबा आणि एक कंट्रोलर घेऊन. तळेगावच्या चौकात महिपतींनी मागच्या सीटवरून हात उचलला. “लाल!” सारिका दचकली. गाडीत बसले की ते डोळ्याला डोळा लागू देत नसत, प्रत्येक सिग्नल सांगत आणि पायानं नसलेला ब्रेक दाबत. “लाल,” लीलाबाईंनी सवयीनं परत म्हटलं. “आई, मला दिसतंय गं,” सारिका म्हणाली.

इंदुरी ओलांडून सुदुंबऱ्याला पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. बाजीराव दारातच उभे होते, धोतर-टोपी आणि गळ्यात ड्युटीची शिट्टी.

“जयभीम, ओव्हाळ.”

“राम राम, बाजीराव. गाडी लेट हाय.”

“तुमच्यामुळंच असनार.”

आत येसूबाईंनी चहा ठेवला होता. टीव्हीच्या वर त्यांचा फोटो, हातात पिशवी, गळ्यात हार. लीलाबाईंनी आज त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून त्यांनी मांडणीकडं पाहिलं. सारिकानं टीव्ही जोडायला घेतला. पासवर्ड चुकला. नवा मागवला तर तो बेडशाच्या बंद पडलेल्या डबीच्या नंबरवर गेला. तो सोडवून घेतला तर टीव्ही म्हणाला, आधी मला अपडेट करा. ते झालं तर गर्दी, क्रमांक एकतीस. वस्तू घरात असती तर नुसती चालू करायची होती, हे लीलाबाईंनी तीन वेळा बोलून दाखवलं. शेवटी बर्फाचा डोंगर दिसला तेव्हा घड्याळात अकरा एकोणीस झाले होते.

“केवढ्याची फेरी?” बाजीरावांनी विचारलं.

“पस्तीस मिनिटांची,” सारिका म्हणाली. “आबांच्या पद्धतीनं चाळीस.”

सगळ्यांनी मनात बेरीज केली. बाजीरावांनी शिट्टी फुंकली आणि येसूबाईंच्या हिरव्या खणाचं कापड हलवलं. दोन वर्षं गार्डाच्या इशाऱ्यावाचून गाडी सोडताना महिपतींना चोरी केल्यासारखं वाटायचं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि गाडी सुटली.

लीलाबाई त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सिग्नल दिसत होते. “हिरवा!” “हिरवा!” “पिवळा!” “पिवळा!” बघून बोलणं किती सोपं असतं, हे त्यांना आज कळलं. चढ संपला, बोगदे आले, उतार सुरू झाला. चित्र इतकं स्वच्छ होतं की झाडावरचा बर्फ दिसत होता. अकरा बेचाळीसला महिपतींचं मंकी हिल आलं आणि त्यांनी वेग कमी करायला घेतला.

“आबा, आज नका थांबू,” सारिका म्हणाली. “दोन थांबे म्हणजे पाच मिनिटं. बाराला बंद होणार आहे.”

“खेळातच तर हाय,” येसूबाई म्हणाल्या. “कुनाचा जीव जातोय?”

महिपतींनी बाजीरावांकडं पाहिलं, तर गार्डसाहेब छताकडं बघत होते. मग त्यांनी बायकोकडं पाहिलं. गाडी फलाटाला लागावी असं त्या खोलीत सगळ्यात जास्त वाटत होतं ते लीलाबाईंना. सहा वर्षांची साडी त्यांच्या अंगावर होती. त्यांना थांबायला नको होतं, अगदी मनापासून नको होतं. पण ब्रेक न तपासता घाट उतरला असता तर हा माणूस छत्तीस वर्षं घरी सुखरूप आला नसता, हेही त्यांना ठाऊक होतं.

“थांबवा,” त्या म्हणाल्या.

गाडी थांबली. ब्रेक धरला. गेमनं दंड केला. ठाकूरवाडीलाही तेच झालं. तिथून सुटताना अकरा त्रेपन्न झाले होते. बाजीरावांनी मनगटावरचं घड्याळ सोडून तळहातावर घेतलं. “वहिनी, आता तुमी पलाटावर जावा. सिग्नल मी सांगतो.”

फलाट म्हणजे टीव्हीची डावी बाजू. लीलाबाई हार घेऊन तिथं जाऊन उभ्या राहिल्या, खोलीकडं तोंड करून. आता त्यांना टीव्ही दिसत नव्हता, समोर सोफा तेवढा दिसत होता. “हिरवा!” “हिरवा!” शेवटचा बोगदा आला. “डबल पिवळा!” बाजीरावांनी उत्तर दिलं आणि त्याच क्षणी सारिकानं कपाळावर हात मारला.

चित्र थिजलं होतं. बोगद्याच्या तोंडाशी अडकलेली गाडी आणि मध्ये गरगरणारं चाक. आवाजही गेला.

“आपलं नेट नीट आहे,” सारिका म्हणाली. “तिकडंच अडकलंय. शेवटची पाच मिनिटं म्हणून जगभरातले सगळे घुसले असतील.”

“म्हंजी गाडी उबी हाय?” येसूबाईंनी विचारलं.

“नाही. गाडी तिकडं चाललीय. आपल्याला दिसत नाही एवढंच.”

“बोगदा सोडून किती झाले?” महिपतींनी विचारलं. आवाज बाजारात भाव विचारल्यासारखा.

“अकरा शेकंद,” बाजीराव म्हणाले. “बारा. तेरा.”

बघायला काही उरलं नाही म्हणून सगळे महिपतींकडं बघायला लागले. लीलाबाई तर त्यांच्या अगदी समोरच होत्या. महिपतींनी डोळे मिटले नव्हते. ते थिजलेल्या चित्राच्या पलीकडं कुठंतरी बघत होते, मान किंचित कलती, खालचा ओठ दातांत, आणि कपाळावर एकही आठी नाही. घरात त्यांच्या कपाळाला कायम तीन आठ्या असत. जीप, भाकरी, भाजीचं मीठ, कशावरही. कामावर असताना हा माणूस असा दिसतो, हे लीलाबाईंना आज पहिल्यांदा दिसत होतं. छत्तीस वर्षं त्यांनी डबा भरला, रात्री-अपरात्री दार उघडलं, पण गाडी हाकताना या माणसाचं तोंड कसं असतं हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. फलाटावरच्या बायकांना दिसतं ते इंजिन आणि खाली उतरतो तो दमलेला नवरा. त्यांना अभिमान वाटला. आणि एवढा देखणा चेहरा इतकी वर्षं त्या इंजिनालाच दाखवला, म्हणून थोडा रागही आला.

“एकवीस. बावीस.”

महिपतींचा अंगठा हलला. एकदा. एकदाच.

“लागला का?” सारिका कुजबुजली.

“लावला,” महिपती म्हणाले. “आता गप बसायचं.”

सगळे गप बसले. चाक गरगरत होतं. बाजीराव ओठांत आकडे मोजत होते. येसूबाईंनी चहाची कपबशी आवाज होऊ नये म्हणून पदरात धरली. साठ झाले, सत्तर झाले. सारिकाचा हात दोनदा कंट्रोलरकडं गेला आणि दोनदा मागं आला. महिपती हलले नाहीत.

मग आवाज आला, स्टेशनातल्या माणसांचा. मागोमाग चित्र उमटलं. गाडी फलाटाला उभी होती, दारं उघडलेली, बर्फातली माणसं पेट्या घेऊन उतरत होती. इंजिनाचं नाक पाटीच्या हातभर अलीकडं होतं.

“टायम?” महिपतींनी विचारलं.

“अकरा अट्ठावन्न,” बाजीरावांचा आवाज जरा ओला होता. “राईट टायम, ओव्हाळ.”

“राईट टायम कुटला. पाच मिनिटं लेट हाय.”

ते उठले, कंट्रोलर सोफ्यावर ठेवला, शर्ट खाली ओढला आणि पिशवी उचलून चार पावलं चालत टीव्हीच्या डाव्या बाजूला आले. लीलाबाईंनी हार घातला. काही बोलायचं त्यांनी सहा वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं, ते आठवेना. महिपतींनी पिशवी पुढं केली. “घे. झाली ट्रिप.”

लीलाबाईंनी ती घेतली आणि त्यांना रडू आलं. सारिकानं फोटो काढला, त्यात त्यांचं नाक लाल आलं आहे. फोटोत मागं टीव्हीही दिसतो. त्यावर तोवर पाटी आली होती, ‘हा गेम आता उपलब्ध नाही. तुम्हाला हेही आवडेल’, आणि खाली नाचणारी फळं.

“रिकामी कर,” महिपती म्हणाले. “हितंच.”

लीलाबाईंनी सतरंजीवर पिशवी उपडी केली. टॉर्च. डायरी. २०२० चा निळा मास्क, दोन. वाळून गेलेली सॅनिटायझरची बाटली. रुमाल. आणि रुमालातून गडगडत, टीव्हीखाली जाऊन गोल गोल फिरून पडलं एक स्टीलचं झाकण. येसूबाईंनी ते उचललं आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं.

“सौ. लीलाबाई म. ओव्हाळ.”

महिपती हळूच म्हणाले, “त्या मेच्या ट्रिपला हाच डबा न्येला हुता. धुतल्यावर झाकन वलं हुतं. म्हनून रुमालात बांधलं आसंल.”

“सहा वर्सं,” येसूबाई म्हणाल्या. “सहा वर्सं माज्या मांडनीकडं बगतीयास. मला वाटायचं, हिला माजी भांडी आवडत्यात. गेल्या दिवाळीला नवा डबा घिऊन ठेवलाय तुला द्यायला.”

लीलाबाई रडता रडता हसायला लागल्या आणि मग त्यांना थांबता येईना. त्यांनी डब्यावरचं फडकं सोडलं, पहिली वडी येसूबाईंच्या तोंडात घातली आणि झाकण लावून पाहिलं. बसलं. नवा डबाही त्यांनी नको म्हटलं नाही.

परत निघायला चार वाजले. गाडीत मागच्या सीटवर दोघं, मध्ये दोन डबे आणि रिकामी पिशवी. इंदुरीच्या पुलावर लीलाबाई काहीतरी बोलल्या आणि उत्तर आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं तर महिपती झोपले होते. तोंड उघडं, मान खिडकीला, गळ्यात सुकत चाललेला हार. चालत्या गाडीत झोपलेले त्यांना लीलाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. पायही हलत नव्हता.

तळेगावचा चौक आला. सारिकानं सवयीनं मागचा आवाज ऐकायला वेग कमी केला.

“लाल,” लीलाबाई अगदी हळू म्हणाल्या, त्यांची झोप मोडू नये अशा बेतानं. गाडी थांबली. त्यांनी सिग्नलवरची नजर काढली नाही. असिस्टंटनं बघून बोलायचं असतं.

“हिरवा.”